फोनला चष्मा

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर सकाळी सातच्या सुमारास नाव थांबली, तेव्हा रोहित पक्ष्यांचा थवा आमच्यापासून शंभरेक फुटांवर होता. माझ्या फोनवर चिमट्याने अडकवलेलं वीतभर नळकांडं होतं. खोक्यावर ‘१२ पट झूम, फोर-के एचडी’ असं ठसठशीत छापलेलं. पडद्यावर दिसत होता एक काळा गोल, त्याच्या मधोमध धुरकट खिडकी, आणि त्या खिडकीतून नावेच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर पळणारा गुलाबी डाग. पाच मिनिटं माझी झटापट बघून नावाडी म्हणाला, “सर, ते नळकांडं काढा अन् नुसता फोन धरा. इथं सगळ्यांचं असंच होतंय.” मी नळकांडं खिशात टाकलं आणि फोनच्या स्वतःच्या तीनपट झूमवर फोटो काढले. छपाईयोग्य नव्हते, पण पक्षी पक्ष्यासारखे दिसत होते.

त्या दिवसापासून फोनला लावायच्या भिंगांचा मी नाद म्हणावा इतका पाठपुरावा केला. काही विकत घेतली, काही मित्रांकडून उसनी आणली, दोन-तीन जुन्या बाजारातून उचलली. या बाजारात विकल्या जाणाऱ्या निम्म्या वस्तू आज निरुपयोगी झाल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल दुकानदार चुकीच्या गोष्टी सांगतो, असं माझं मत झालं आहे. ते कसं झालं, ते सांगतो.

आधी त्या नळकांड्याचं गणित. कुठलीही दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहिली, तर मागच्या काचेत उजेडाची एक गोल टिकली दिसते. तिचा व्यास काढणं तोंडी हिशोबाचं काम आहे: पुढच्या काचेचा व्यास भागिले ‘पट’. माझ्या नळकांड्याची पुढची काच वीस मिलीमीटरची, पट बारा; म्हणजे टिकली पावणेदोन मिलीमीटरच्या आत. आता फोनचं तोंड मोजू. आयफोन १४ प्रोच्या मुख्य कॅमेऱ्याची नाभीय लांबी ६.८६ मिलीमीटर आणि छिद्र एफ/१.७८, म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड जवळजवळ चार मिलीमीटर. चार मिलीमीटरच्या तोंडात पावणेदोनची टिकली पडली, तर उजेड पाचव्या हिश्श्यावर येतो. फोन मग आयएसओ वाढवतो, शटर मंद करतो, चित्र दाणेदार आणि हललेलं येतं. चिमटा एखादा मिलीमीटर सरकला की काळा गोल एका बाजूला झुकतो. नावेत तो सरकणारच. खोक्यावरच्या ‘फोर-के’ला तर अर्थच नाही. फोर-के हे व्हिडिओच्या ठिपक्यांचं मोजमाप आहे, काचेचं नव्हे.

याच हिशोबात या धंद्याच्या चढ-उताराची गोष्टही दडलेली आहे. २०११ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करून ‘ओलोक्लिप’ आलं. आयफोन ४च्या कोपऱ्यावर सरकवून बसवायचं, एकातच फिशआय, वाइड आणि मॅक्रो. २०१४ मध्ये त्याच वाटेने सिएटलची ‘मोमेंट’ आली, जास्त जड आणि जास्त चांगली काच घेऊन. २०१६ मध्ये खुद्द झाइसने फोनसाठी भिंगं जाहीर केली. तेव्हा फोनला एकच कॅमेरा असायचा आणि त्याचं तोंड बारीक असायचं: आयफोन ५एसचा ४.१५ मिलीमीटर, एफ/२.२, म्हणजे तोंड दोन मिलीमीटरहूनही कमी. इतक्या बारीक तोंडापुढे बोराएवढं भिंग धरलं तरी पुरायचं. पुढे फोनचे सेन्सर वाढले, तोंडं रुंदावली आणि ती जुनी भिंगं नव्या फोनवर कोपरे काळे करू लागली. म्हणून जुन्या भिंगाबद्दलचं कौतुक वाचून किंवा एखाद्याकडून स्वस्तात मिळतंय म्हणून ते घेण्याआधी आपल्या फोनच्या कॅमेऱ्याचं काचेचं वर्तुळ त्या भिंगाच्या मागच्या काचेशेजारी धरून बघावं. भिंगाची काच त्याच्याएवढी किंवा त्याहून लहान असेल, तर विषय तिथेच संपला.

वाइड आणि फिशआय यांवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. एलजी जी-५ने २०१६ मध्ये आणि आयफोन ११ने २०१९ मध्ये रुंद नजरेचा वेगळा कॅमेरा फोनमध्येच दिला. आज मध्यम किमतीच्या फोनलाही तो असतो. बाहेरून लावलेलं ०.६ पटीचं भिंग मुख्य कॅमेऱ्याला, जुन्या फिल्म-कॅमेऱ्यांच्या हिशोबात, साधारण १५-१६ मिलीमीटरची नजर देतं. फोनमधला रुंद कॅमेरा मुळातच १३ मिलीमीटरच्या आसपास असतो. एक मुद्दा मात्र बाहेरच्या वाइडच्या बाजूने आहे. मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा असल्यामुळे संध्याकाळी वाड्यातल्या चौकात किंवा लग्नाच्या मांडवात तो फोनमधल्या रुंद कॅमेऱ्यापेक्षा स्वच्छ चित्र देतो. चांगल्या काचेचं वाइड लावलं तर ही स्वच्छता टिकते. घरांचे, हॉटेलांचे व्हिडिओ करणाऱ्या माणसाला हे पटेल. बाकीच्यांनी ते पैसे पेट्रोलवर घालावेत. फिशआय दोन दिवसांत कंटाळवाणं होतं. कुत्र्याचं नाक मोठं दिसलं की त्याचं काम संपलं.

खरी श्रीमंती आहे ती मॅक्रोत.

तिथे जायला सराफाच्या पेढीवरून जाऊ. हिरा बघायला सराफ डोळ्याला लावतो ते दहापटीचं भिंग तुम्ही फोनच्या मुख्य कॅमेऱ्यावर धरलंत, तर तेच उत्तम मॅक्रो भिंग होतं. कारण मॅक्रो भिंग म्हणजे दुसरंतिसरं काही नसून फोनला लावलेला वाचायचा चष्मा आहे. आजोबांच्या चष्म्याचा नंबर अधिक अडीच असेल, तर या भिंगाचा नंबर अधिक चाळीस. हजाराला नंबराने भागलं की मिलीमीटरमध्ये अंतर मिळतं: चाळीसचं भिंग पंचवीस मिलीमीटरवरचं बघतं, दहाचं भिंग शंभर मिलीमीटरवरचं. फोन दूरवर फोकस करून ठेवायचा, भिंग लावायचं आणि वस्तूपासून तेवढं अंतर ठेवायचं. दुकानदार ‘१०एक्स’, ‘१५एक्स’, ‘२०एक्स’ म्हणत राहील, त्याला विचारायचा प्रश्न एकच, “किती अंतरावरून?”

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते सप्टेंबरात कास पठारावर कळतं. सीतेची आसवे नावाचं जांभळं फूल जेमतेम सेंटिमीटरभर, आणि तेही हजारोंच्या गालिच्यात. त्याच्या शेजारी ओल्या कातळावर दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती, लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब घेऊन उभी. आयफोन १३ प्रोपासून (२०२१) बऱ्याच महागड्या फोनमध्ये रुंद कॅमेराच दोन सेंटिमीटरवर फोकस करून मॅक्रोचं काम करतो. पण दोन सेंटिमीटर म्हणजे फोन फुलाच्या अंगावर. फोनची सावली फुलावर पडते आणि फुलावर बसलेली माशी उडून जाते. शिवाय वाट सोडून पठारावर पाय टाकायला मनाई आहे, आणि ती असायलाच हवी. फूल वाटेपासून हातभर आत असेल, तर दोन सेंटिमीटरवर पोचायला माणसाला पालथं पडून हात लांबवावा लागतो. मी असं एकदा केलं. शर्टावर लाल चिखल आला आणि फोटोत माझ्याच फोनची सावली.

यावरचा तोडगा मला उशिरा सापडला. भिंग मुख्य कॅमेऱ्यावर न लावता टेलीच्या, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यावर लावायचं, आणि तेही कमी नंबरचं. हिशोब सोपा आहे. मुख्य कॅमेऱ्यावर पंचवीस मिलीमीटरचं भिंग लावलं की चौकटीत सुमारे साडेतीन सेंटिमीटर रुंदीचं जग मावतं. फोनच्या पाचपट टेलीवर शंभर मिलीमीटरचं भिंग लावलं की तीन सेंटिमीटरचं मावतं. चौकट जवळपास तेवढीच, पण तुम्ही अडीचऐवजी दहा सेंटिमीटरवर असता. सावली पडत नाही, माशी बसून राहते, शेजारून पांढरा कागद धरून उजेड परतवायला जागा मिळते. तीनपट टेली असेल तर चौकट पावणेपाच सेंटिमीटरची होते. फुलपाखराला तीही चालते. ७५ किंवा १०० मिलीमीटर असा आकडा लिहिलेली मॅक्रो भिंगं बाजारात याचसाठी मिळतात. एकच बाह्य भिंग घ्यायचं असेल, तर हे घ्यावं. शाओमी १३ प्रोसारख्या काही फोनमधला टेली कॅमेरा मुळातच दहा सेंटिमीटरवर फोकस करतो. त्यांच्या मालकांनी काहीच घेऊ नये आणि गप्प कासला जावं.

मॅक्रोत फोकसची जाडी एखाद-दोन मिलीमीटरच असते. पडद्यावर बोट टेकवून फोकस करायच्या भानगडीत पडू नये. फोकस कुलूपबंद करावा, कोपर गुडघ्यावर टेकवावं, श्वास रोखून फोन हळूहळू पुढे न्यावा आणि त्या प्रवासात वीस फोटो काढावेत. एक लागतो.

अरविंद गुप्तांची टाकाऊ वस्तूंची खेळणी करत मोठ्या झालेल्या मंडळींना यातही फुकटचा रस्ता दिसेल. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात बिघडलेले डीव्हीडी प्लेअर किलोच्या भावाने पडलेले असतात. आतल्या लेझरपुढचं हरभऱ्याएवढं भिंग काढून केसांच्या पिनेत धरून फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवलं, की काही मिलीमीटरवरून मिठाचा खडा खोलीएवढा दिसतो. त्याच कुळातला, पण शास्त्रशुद्ध भाऊबंद म्हणजे ‘फोल्डस्कोप’: स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि जिम सिबुलस्की यांनी केलेला कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक. २०१४ मध्ये तो जगापुढे आला. मण्याएवढं काचेचं भिंग, सुमारे १४० पट मोठं दाखवणारं, आणि लोहचुंबकाच्या चकतीने फोनला जोडता येणारं. डबक्यातल्या थेंबातले जीव त्यातून व्हिडिओवर घेता येतात. कॅमेऱ्याच्या दुकानात तो मिळत नाही, आणि फोनच्या भिंगांच्या यादीत सहसा त्याचं नावही नसतं. माझ्या मते तो तिथे पहिल्या पाचात हवा.

टेलीकडे परत येतो, कारण भिगवणचा अपमान अजून विसरलेलो नाही. चिमट्याची नळकांडी वाईट होती आणि आहेत. पण २०२५ मध्ये या प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. विवोने एक्स-२०० अल्ट्राबरोबर झाइसचं २.३५ पटीचं भिंग काढलं, जे फोनच्या ८५ मिलीमीटर टेलीवर बसून २०० मिलीमीटर होतं. मग ओप्पोने फाइंड एक्स-९ प्रोसाठी हॅसलब्लाडच्या नावाने ३.२८ पटीचं काढलं: ७० मिलीमीटरचे २३०. पट किती कमी आहेत, ते पाहावं. बाराच्या जागी अडीच-तीन. पुढची काच मोठी, पट कमी, त्यामुळे उजेड वाया जात नाही. आणि ते फोनच्या सर्वात लांब नजरेच्या कॅमेऱ्यावर बसतं, मुख्य कॅमेऱ्यावर नव्हे.

यातली गंमत अशी, की या भिंगांची रचना खगोलीय दुर्बिणीसारखी आहे, म्हणजे चित्र उलटं येतं. फोनमधला खास ‘मोड’ ते सुलटं करतो. त्याहून मोठं काम तो दुसरंच करतो. फोनमध्ये हादरे शोषून घेणारी भिंगाची हालचाल असते. ती किती हलायचं ते नाभीय लांबीवर ठरतं. पुढे अडीचपट भिंग लावलं की हातातली थरथरही अडीचपट होते, पण फोनला ते कुणी सांगितलेलंच नसतं. तो जुन्याच हिशोबाने सावरत राहतो आणि कमी पडतो. फोन बनवणाऱ्यानेच भिंग दिलं, तर तो फोनला आधी सांगून ठेवतो. म्हणून टेलीचं भिंग घ्यायचं तर ते आपल्या फोनसाठीच बनलेलं घ्यावं, नाहीतर तिकाटण्यावर फोन बसवून घड्याळाचा टायमर लावायची तयारी ठेवावी. फोनवाल्याच्या त्या भिंगाची किंमत ऐकली की माणूस मुकाट्याने जुना डीएसएलआर शोधायला लागतो. तेही काही चूक नाही.

दुसरा मार्ग घरातच असतो. आठपट आणि ४२ मिलीमीटर काचेची साधी दुर्बीण ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या टिकलीचा व्यास येतो सव्वापाच मिलीमीटर, म्हणजे फोनच्या तोंडाहून मोठा. भिगवणच्या त्या नळकांड्यात जे नव्हतं, ते इथे आहे. फोन दुर्बिणीच्या डोळ्याशी पक्का धरणारी पकड काही शे रुपयांत मिळते. पक्षीवाले हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. आकाशदर्शनाच्या शिबिरात मोठ्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला फोन लावून गुरूचे चार चंद्र टिपणारी मुलं मी पाहिली आहेत. गुरू पांढराफटक येतो, कारण फोन सगळ्या काळ्या आकाशाकडे बघून उजेड ठरवतो. त्याच्यावर बोट दाबून उजेड खाली ओढला की पट्टे दिसायला लागतात. मात्र सूर्याकडे नेहमीच्या दुर्बिणीतून फोन कधीही रोखू नये. सेन्सर जळतो, आणि मागून डोकावणाऱ्याचा डोळाही.

फोनच्या आतला शंभरपट झूम असताना हा सगळा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या चंद्राच्या फोटोंवरून जो वाद झाला, त्यात त्याचं उत्तर आहे. एकाने मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचा पडद्यावरून फोटो काढला, आणि फोनने त्यावर खळगे उमटवून दिले. फोनला चंद्र पाठ आहे. तुमच्या गच्चीवरचा शिंपी पक्षी त्याला पाठ नाही; तिथे तो अंदाजाने पिसं रंगवतो आणि ती तेलरंगासारखी दिसतात. बाहेरच्या काचेतून आलेली पिसं त्या पक्ष्याचीच असतात. आणि हो, व्याघ्रदर्शनासाठी टेली घ्यायचा विचार असेल तर आधी नियम वाचा. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाइल नेण्याचीच बंदी आहे.

आता व्हिडिओ. इथे मी थोडा हट्टी आहे. व्हिडिओ करणाऱ्याने पहिले पैसे भिंगावर नव्हे, गॉगलवर घालावेत. गॉगल म्हणजे एनडी फिल्टर, रंग न बदलता उजेड कमी करणारी करडी काच.

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र बहुधा बदलता येत नाही, ते एफ/१.८च्या आसपास कायम उघडं असतं. गुहागरच्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या उन्हात, आयएसओ ५० धरला, तरी बरोबर उजेडासाठी शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागावर जातं. अशा व्हिडिओत लाट तुटक-तुटक, खड्यांसारखी उडते आणि पळणारं पोर अडखळत पळतं. सिनेमाची रीत अशी, की सेकंदाला २५ चौकटी असतील तर शटर एक पन्नासांशावर ठेवायचं. मग हालचालीला डोळ्याला सवयीची असते तेवढी पुसटशी शेपूट येते. चार हजारावरून पन्नासवर यायचं म्हणजे उजेड ऐंशीपट कमी करायचा. ‘एनडी ६४’ हा चौसष्टपट कमी करतो. बाकीचं थोडं भागून जातं. ढगाळ पावसाळ्यात ‘एनडी ८’ किंवा ‘१६’ पुरतो. पन्नासांश शटरचा आपल्याकडे आणखी एक फायदा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातले आणि दुकानातले दिवे या शटरवर लुकलुकत नाहीत. तीस चौकटी आणि साठांश शटर ही अमेरिकी सवय घरातल्या ट्यूबलाइटखाली उघडी पडते.

फिरवून कमी-जास्त होणारा एनडी मिळतो आणि सोयीचाही असतो. पण तो शेवटापर्यंत फिरवला की आकाशात काळी फुली उमटते. स्वस्त काचेत ती आधीच उमटते. विकत घेताना पांढऱ्या भिंतीसमोर धरून पूर्ण फिरवून बघावा.

दुसरा गॉगल ध्रुवक, दुकानात ज्याला सीपीएल म्हणतात. पाण्यावरची, पानांवरची, काचेवरची चकाकी तो खातो, आणि हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरला नंतर जमत नाही. चकाकीखाली काय होतं ते फोटोत मुळात आलेलंच नसतं. ओढ्याच्या पाण्यातले मासे, पावसाने धुतलेल्या आंब्याचं खरं हिरवं, गाडीच्या पुढच्या काचेतून घाट. पाण्याशी साधारण ३७ अंशांचा तिरपा कोन धरला की परिणाम सर्वात जास्त दिसतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मात्र त्याची मात्रा चालत नाही, धातूची चकाकी तशीच राहते. पावसाळी ट्रेकला जाणाऱ्याला मी एनडीच्या आधी हाच घ्यायला सांगेन.

सिनेमाची हौस असणाऱ्यांची नजर याहून महाग वस्तूवर असते: ॲनामॉर्फिक. रुंद दृश्य आडवं दाबून सेन्सरवर पाडायचं आणि नंतर ताणून मोकळं करायचं. गुरुदत्तच्या १९५९च्या ‘कागज के फूल’ला, भारतातल्या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटाला, हेच तंत्र होतं; व्ही. के. मूर्तींचा कॅमेरा होता. फोनवरचं भिंग १.३३ पट दाबतं, त्यामुळे १६:९ची चौकट २.३७:१ होते आणि दिव्यांतून निळ्या आडव्या रेघा निघतात. शॉन बेकरने ‘टँजरीन’ हा चित्रपट आयफोन ५एसवर आणि मूनडॉग लॅब्सच्या अशा भिंगातून केला. २०१५ मध्ये तो सनडान्सला गाजला, आणि हाच बेकर पुढे ‘अनोरा’साठी ऑस्कर घेऊन गेला. डॅनी बॉइलच्या ‘२८ इयर्स लेटर’मध्येही आयफोन वापरले गेले, पिंजऱ्यात बसवून, पुढे भिंगं जोडून. ही उदाहरणं दुकानदार हमखास देतात. बेकरच्या पात्रांना लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर कुणी वळून पाहू नये म्हणून छोटा कॅमेरा हवा होता, आणि रस्त्याची रुंदी दिसायला हवी होती. भिंगाला तिथे काम होतं. आपल्याकडे बहुतेक व्हिडिओ फोन उभा धरून होतो. उभ्या रीलमध्ये ॲनामॉर्फिक म्हणजे नऊवारीवर टाय. लघुपट करायचा असेल, तो आडवा दाखवला जाणार असेल आणि रात्रीचे दिवे त्यात असतील, तर एका वीकएंडसाठी भाड्याने आणावं.

आता बसवायचं कसं? चिमटा कुठल्याही फोनला चालतो, पण हलतो, पडद्यावर दाब देऊन नको ती बटणं दाबतो आणि तीन कॅमेऱ्यांच्या आजकालच्या उंच ओट्यावर नीट बसत नाही. फोनच्या कव्हरलाच खाच असणारी पद्धत पक्की असते, पण कव्हर त्या एकाच मॉडेलचं. दोन वर्षांनी फोन बदलला की नवं कव्हर शोधा, आणि आपला फोन कमी खपणारा असेल तर ते मिळतच नाही. छोट्या भिंगांना बहुधा १७ मिलीमीटरचा आटा असतो, फिल्टरांना ५२, ५८, ६७. आट्याची वस्तू घेतली तर निदान काच पुढच्या फोनवर जाते. माझ्या फिल्टरांनी आतापर्यंत तीन फोन पाहिले.

भिंग बरोबर बसलं तरी फोन हुशारी करतो. टेलीवर भिंग लावून तुम्ही तीनपट दाबता, आणि उजेड कमी वाटला किंवा वस्तू जवळ वाटली की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातो आणि तिथलं चित्र कापून ‘तीनपट’ म्हणून दाखवतो. तुमचं महागडं भिंग ज्या कॅमेऱ्यावर आहे, तो झोपलेला असतो. पारख सोपी आहे: भिंगावर बोट ठेवा, पडदा काळा झाला नाही, तर तुम्ही भलत्याच डोळ्यातून बघताय. आयफोनवर मॅक्रो आपोआप सुरू होणं सेटिंगमधून बंद करता येतं. व्हिडिओसाठी ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, आयफोनवर २०२३पासून आणि काही अँड्रॉइड फोनवर २०२४पासून. त्यात कॅमेरा, शटर, फोकस सगळं जागच्या जागी बांधून ठेवता येतं. शटर हातात असल्याशिवाय एनडीचा हिशोब मुळात जमतच नाही, आणि फोनचं स्वतःचं ॲप ते अनेकदा तुमच्या हातात देत नाही.

दुकानात जाताना खिशात वर्तमानपत्राचं लहान जाहिरातींचं पान घेऊन जावं. फोर्टमध्ये बोरा बझारच्या एका दुकानात मी ते काचेच्या कपाटावर चिकटवलं, तेव्हा मालकाने भुवया वर केल्या, पण मोडता घातला नाही. भिंग लावून समोरून एक फोटो, काढून एक. मग पडद्यावर दोन्ही वाढवून मध्यावरची ‘वधू पाहिजे’ आणि कोपऱ्यातली ‘जागा भाड्याने’ वाचायची. त्याने दाखवलेल्या तीन भिंगांपैकी एकात कोपऱ्यातला टेलिफोन नंबर वाचता येत होता, दुसऱ्यात अक्षरांना जांभळी किनार, तिसऱ्यात नुसता धुरळा. तिसरं सगळ्यात महाग होतं. मालकाने ते पुन्हा डबीत ठेवलं आणि म्हणाला, “हे गिफ्टमध्ये जास्त जातं.”

तीन-चारशे रुपयांच्या चिमटा-संचाबद्दल मात्र माझं मत लोकांना वाटतं तितकं वाईट नाही. त्यातलं ‘वाइड’ भिंग हातात घेऊन डावीकडे फिरवलं की त्याचे दोन तुकडे होतात. पुढचा तुकडा फेकून द्यावा. मागचा बारका तुकडा म्हणजे मॅक्रो, आणि तो त्या किमतीत खरोखर बरा असतो. शाळेतल्या पोराला वाढदिवसाला द्यावा.

पावसाळ्यात ही सगळी काच बुरशीला फार आवडते, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ते पुसता येत नाहीत. घट्ट झाकणाचा डबा, औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि समुद्रावरून आल्यावर आधी फुंकर, मग कापड. रेती असताना कापड लावलं की काचेवर कायमचा ओरखडा.

ते भिगवणचं नळकांडं त्याच डब्यात दोन वर्षं पडून होतं. मागच्या पावसाळ्यात रिकामपणी मी त्याचे आटे सोडवले. पुढची काच हाताला जड लागली. चौकातल्या चष्मेवाल्याकडे नेली, त्याने ती नंबर काढायच्या यंत्रात घातली आणि विचारलं, “कुणाचा हो हा? दहाच्या आसपास आहे.” दहा म्हणजे शंभर मिलीमीटर. रबराच्या वॉशरमध्ये बसवून ती फोनच्या टेलीवर चिकटवली आणि सप्टेंबरात कासला नेली. दवबिंदूच्या एका लाल केसावर डास नुकताच अडकला होता. वाटेवरूनच, दहा सेंटिमीटरवर फोन धरून, मी त्याचे सहाही पाय मोजले. एक अजून हलत होता.